सहा दिवसांची उसनवारी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि मला कुणी जुनी म्हटलेले मुळीच आवडत नाही. मी स्वतः म्हटले तर चालते. माली देशातल्या मोप्ती शहराच्या घाटावर सोरी नावाच्या सुताराने मला घडवले, त्यानंतर चाळीस पूर आले आणि गेले. आमच्याकडे वय असेच मोजतात, पुरांवर.

माझे लाकूड दक्षिणेच्या रानातले, महोगनीच्या जातीचे, चांगले तांबूस. सोरीने माझे दोन अर्धे वेगवेगळे केले आणि मग दोन कापडे जोडावीत तसे जाड दोराने मधोमध शिवले. सांध्यांमध्ये त्याने सावरीचा कापूस तुपात मळून ठासला. हे तूप गाई-म्हशीचे नव्हे हं, कारिते नावाच्या झाडाच्या बियांचे. काम करताना तो सतत शिव्या देत असे. दोराला, ऊन पडले म्हणून सूर्याला आणि बघायला जमलेल्या माणसांना. मला मात्र त्याने एकही शिवी दिली नाही. मी पाण्यावर पहिल्यांदा तरंगले तेव्हा तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याचा हात माझ्या कडेवर होता. तो स्पर्श मी विसरलेले नाही.

मला विकत घेतले लासिने जेनेपो या कोळ्याने. तो बोझो जमातीचा, सेबेरा गावचा. तेव्हा त्याचे लग्न व्हायचे होते, आणि मिशीपेक्षा ऐट जास्त होती.

आता ज्या नदीवर माझे आयुष्य गेले तिच्याविषयी सांगते. नकाशात तिला नायजर म्हणतात, आम्ही जोलिबा म्हणतो. मोठी हट्टी बाई आहे. गिनी देशाच्या डोंगरात तिचा जन्म. तिथून समुद्र फार लांब नाही. चांगला चालणारा माणूस आठ-दहा दिवसांत पोहोचेल. पण हिने समुद्राकडे पाठ फिरवली आणि निघाली ती थेट वाळवंटाच्या दिशेने. तिंबक्तूच्या वाळूपर्यंत गेल्यावर तिला शहाणपण सुचते. मग ती भले मोठे वळण घेते, दोन-तीन देश ओलांडते आणि नायजेरियात जाऊन एकदाची समुद्राला मिळते. तिथवर मी गेलेले नाही. मोठ्या नावांवरच्या खलाशांनी सांगितलेले तुम्हाला सांगते.

आमच्या भागात ती एक नदी राहतच नाही. ओढे, तळी, पाणथळ कुरणे, जिकडे बघावे तिकडे पाणी, आणि पाण्यात उंचवट्यांवर बसलेली आमची गावे. वाळवंटाच्या तोंडाशी इतके पाणी असेल असे कुणाला सांगून पटत नाही. त्याच पाण्यावर आम्ही बोझो मासे धरतो, गावच्या बायका भात पेरतात आणि पाणी ओसरले की फुलानी लोक गुरांचे कळप घेऊन हिरव्या गवतावर उतरतात. दूरच्या कड्यांवर राहणारे डोगोनसुद्धा आमच्या सुक्या माशांशिवाय जेवत नाहीत, भले ते काहीही म्हणोत.

गंमत म्हणजे आमचा पूर पावसात येत नाही. आमचा पाऊस संपतो, आभाळ निळे होते, बायका वाळवण घालतात आणि तेव्हा पाणी चढायला लागते. कारण ते पाणी आमचे नसतेच. महिना-दोन महिन्यांपूर्वी गिनीच्या डोंगरात पडलेला पाऊस आपल्या सवडीने चालत चालत आमच्यापर्यंत येतो. लासिने पहाटे माझ्या कडेवर बसून हात पाण्यात घालायचा, बोटे एकमेकांवर चोळायचा आणि म्हणायचा, "माती बदलली. डोंगराची आलीय." दुसऱ्या दिवसापासून पाणी वाढू लागे. तो कधी चुकला नाही.

माझी ती वर्षे फार सुखाची गेली. देबोच्या मोठ्या तळ्यात मी जाळी वाहिली. तिंबक्तूहून आलेल्या मिठाच्या लाद्या वाहिल्या. मीठ अंगाला झोंबते, पण तक्रार केली नाही. लासिनेची नवरी तेनिन माझ्यातूनच सासरी आली. नवरीपेक्षा तिच्या भांड्यांचे वजन जास्त होते आणि पाणी काठापासून चारच बोटे खाली होते, पण मी एक थेंब आत येऊ दिला नाही. घाटावरचे लोक म्हणाले, "होडी असावी तर अशी." हे वाक्य मी बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरले.

याच काळात आंबेरे गिंदो आमच्या आयुष्यात आला. हा कड्यावरचा डोगोन. दरवर्षी कुटून वाळवलेल्या कांद्याचे गोळे गाढवाच्या गाडीत घालून तो पुरातही उघड्या राहणाऱ्या बांधाच्या वाटेने यायचा आणि बदल्यात सुकी मासळी न्यायचा. डोगोन आणि बोझो यांचे नाते थट्टेचे. कधी काळी दुष्काळात एका बोझोने आपल्या मांडीचे मांस देऊन डोगोन मुलांना जगवले असे आजोबा सांगतात. तेव्हापासून दोघांनी एकमेकांना वाटेल ते बोलावे, पण रागवायचे नाही. एकमेकांचे रक्त सांडायचे नाही. आणि एकाने काही मागितले तर दुसऱ्याने नाही म्हणायचे नाही. त्यामुळे आंबेरे आला की अख्खे गाव घाटावर जमायचे.

"अजून जिवंत आहेस का रे बेडका?" आंबेरे लांबूनच ओरडायचा.

"तुझ्या तोंडाचा वास गावाच्या वेशीवरून आला, तेव्हाच उठून बसलो," लासिने म्हणायचा. "कांदा खाल्लास की कांद्याने तुला खाल्लं?"

मग दोघे तासभर हसत बसायचे.

दिवस पालटले. इंजिनाच्या मोठ्या नावा आल्या. लासिनेच्या पुतण्यांनी मिळून एक घेतली. तेनिन वारली. लासिनेची पाठ वाकली आणि बांबू रेटून मला चालवणे त्याला झेपेना. एका उन्हाळ्यात मला काठावर ओढून कडुनिंबाखाली उलटे टाकले, ती मी तशीच राहिले. माझ्या पाठीवर शेळ्या चढायच्या. एक कोंबडी माझ्या पोटात अंडी घालायची. ऊन कडुनिंबाच्या पानांतून शोधत शोधत माझ्यापर्यंत यायचे. सांध्यांतला कापूस गळून गेला आणि फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. नदी पन्नास पावलांवर होती. मी तिचा आवाज ऐकत होते, मित्रांनो, आणि मला फार वाईट वाटत होते.

अशात आंबेरे आला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "लाकूड चांगलंय. मला दे. माझ्या कोठाराला दार नाही. उंदीर माझ्याआधी जेवतात."

भोवती दहा-बारा माणसे होती. लासिनेला जोर चढला. "ने की! पुढच्या वर्षी कुऱ्हाड घेऊन ये आणि फोडून ने. तुमच्या त्या खडकावर दात कोरायला काडी तरी उगवते का?"

सगळे हसले. लासिनेही हसला. आंबेरे मात्र हसला नाही, त्याने फक्त मान हलवली. आणि चेष्टेत दिलेले असले तरी बोझोने डोगोनला चार माणसांत दिलेले दिलेले असते, हे लासिनेच्या उशिरा ध्यानात आले.

त्याच वर्षी लासिनेची मुलगी कुनादी माहेरी परत आली. तिचा नवरा तापाने गेला होता. पदरात दोन लहान मुली होत्या. भावजया वाईट नव्हत्या, पण भाताच्या पातेल्यात डाव घालताना आधी आपल्या मुलांकडे बघायच्या, आणि ते कुनादीला दिसायचे. तिने ठरवले की आपण आपले भात पिकवायचे. बायकांनी तिला सगळ्यांत लांबचा आणि खोल तुकडा दिला, कारण तोच उरला होता. तिने कुरकूर न करता तो नांगरला, पेरला.

आमचे भात पाण्याबरोबर वाढते. पूर हातभर चढला की तेही हातभर चढते, शेंडा सतत पाण्यावर. पण त्यात एक खोड आहे. पिकले की दाणा धरून ठेवत नाही. वाऱ्याची झुळूक आली, पक्षी बसला, तरी दाणे पाण्यात गळतात. त्या वर्षी पूर उशिरा आला आणि लवकर जायचे नाव घेईना. गावाजवळच्या शेतांत बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून कापणी करत होत्या. कुनादीच्या शेतात मात्र दोन पुरुष पाणी होते. भात पिकून पिवळे झाले होते आणि गावातल्या सगळ्या होड्या माणसांबरोबर देबोवर गेल्या होत्या, पंधरा दिवस तरी येणार नव्हत्या.

"बाबा, कडुनिंबाखालची होडी," कुनादी म्हणाली.

लासिने जाळे विणत होता. त्याने मान वर केली नाही. "ती दिलीय मी."

"कुणाला?"

"आंबेरेला. फोडायला."

"पण तुम्ही थट्टेत म्हणाला होतात. मी ऐकलंय."

"थट्टेतच म्हणालो. म्हणून तर परत घेता येत नाही." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "कुनादी, माझं चुकलं गं. जिभेला हाड नसतं बघ."

कुनादीने कडुनिंबाकडे पाहिले. मग म्हणाली, "दिलीत ना? पण त्यानं अजून नेली नाहीये."

तिने चार बायका गोळा केल्या आणि मला ओढत पाण्यापर्यंत नेले. कोंबडीने फार आरडाओरडा केला. कुनादीने जुन्या कापडांच्या चिंध्या आणि सावरीचा कापूस तुपात मळून माझ्या फटींत ठासला. सोरीसारखा सफाईदार हात नव्हता, पण मनापासून ठासला. मग तिने मला दगड भरून चक्क पाण्यात बुडवले, लाकूड फुगून फटी मिटाव्यात म्हणून. किती वर्षांनी मला पाणी मिळाले! माझ्या प्रत्येक फळीने ते अधाशासारखे प्यायले. रडता येत असते तर रडले असते, पण पाण्यात ते कुणाला दिसणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी आंबेरे गाडीत कुऱ्हाड घालून हजर. कडुनिंबाखाली नुसती कोंबडी बसलेली.

"माझं दार कुठंय?" त्याने विचारले.

लासिने घरातून बाहेर येईना. कुनादी घाटावर उभी होती. तिने पाण्याकडे बोट केले.

"बुडवलीस?" आंबेरेचे डोळे मोठे झाले. "मासे खाऊन खाऊन डोकं फिरलंय का तुम्हा लोकांचं?"

"बुडवली नाही, काका. तहानलेली होती, पाणी पाजतेय."

"ती माझी आहे."

"तुमचीच आहे. म्हणून तर तुमच्याकडे मागतेय." कुनादीने कमरेचे कापड घट्ट खोचले. सगळ्या बायका हातातले काम सोडून ऐकायला लागल्या होत्या. "मी बोझो, तुम्ही डोगोन. तुमच्या पोराबाळांनी आमच्या मांडीचं मांस खाल्लंय. मला ही होडी सहा दिवस उसनी द्या. सातव्या दिवशी कुऱ्हाड मी तुमच्या हातात देईन."

आंबेरेने कपाळाला हात लावला. "घ्या आता! बापानं दिली आणि लेक मागून घेते."

"नाही म्हणता का?"

"नाही म्हणता येतं का मला?" तो गाडीवरून उतरला. "सहा दिवस. पण मी होडीत बसणार. तुम्हा बेडकांचा काय भरवसा, माझ्या फळ्या घेऊन पाण्यातून पसार व्हाल."

हे बोलून गेल्यावर त्याला आठवले की आपल्याला पोहता येत नाही.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. कुनादी मागे उभी राहून बांबू रेटायची. शेतात पोहोचलो की लोंब्यांचे झुबके हलकेच माझ्यावर वाकवायची आणि काठीने झोडायची, म्हणजे गळणारा दाणा माझ्या पोटात पडे. आंबेरे मध्ये उकिडवा बसून भोपळ्याच्या तुंब्याने पाणी उपसायचा. पहिल्या दिवशी त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ सारखे हलत होते.

"काका, देवाचं नाव घेताय का?"

"तुझ्या बापाचं घेतोय," आंबेरे म्हणाला. "आणि चांगल्या शब्दांत नाही."

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. वाळवंटावरून येणारा कोरडा वारा. पाण्यावर दाण्यांचा सडा पडू लागला आणि मासे वर येऊन ते टिपू लागले. कुनादीचे हात थांबेनात. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ती झोडतच राहिली. नेमकी त्याच वेळी माझी मधली शिवण उसवली. सदतीस पुरांचा दोर, किती तग धरणार? पाणी भसाभसा आत आले. मला इतकी लाज वाटली, मित्रांनो, की सांगता सोय नाही. जिच्यासाठी पुन्हा जगले तिचेच भात मी भिजवणार होते.

"परत फिरव!" आंबेरे ओरडला.

"फिरले तर उद्या इथं काही उरणार नाही, काका."

आंबेरेने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा चहूकडच्या पाण्याकडे. मग त्याने डोक्याचे मुंडासे सोडले. लांबलचक निळे कापड होते ते, सणावाराला बांधायचे. त्याने ते पिळून दोरासारखे केले, शिवणीत कोंबले आणि त्यावर स्वतः बसला. "झोड तू," तो म्हणाला. "मी इथून उठत नाही." संध्याकाळपर्यंत तो खरोखर उठला नाही. गुडघे पोटाशी घेऊन थंड पाण्यात बसून राहिला आणि एका हाताने उपसत राहिला.

काही भात गेलेच. निम्म्याहून बरेच जास्त घरी आले. सहाव्या दिवशी कुनादीच्या दारात बारा टोपल्या लागल्या आणि तिच्या दोन्ही मुली त्या टोपल्यांमध्ये शिवाशिवी खेळत होत्या. भावजया येऊन बघून गेल्या.

सातव्या दिवशी सकाळी कुनादीने मला काठावर ओढले. आंबेरेच्या गाडीतून तिने कुऱ्हाड काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. तिने शब्द फिरवला नाही. "घ्या काका. तुमची होडी."

लासिने घरातून बाहेर आला होता. त्याने तोंड फिरवले. मी म्हटले, जाऊ दे. शेवटचे काम तरी चांगले झाले.

आंबेरेने कुऱ्हाड घेतली. माझ्याभोवती एक फेरी मारली. मग बोटाच्या पेराने त्याने माझ्या फळीवर टकटक केले, कान लावला आणि एकदम खवळला.

"हे काय देतेस मला? ओलं लाकूड? याचं दार केलं तर वाळताना वाकडं होईल. फटींतून उंदीर वऱ्हाड घेऊन येतील." त्याने कुऱ्हाड गाडीत फेकली. "मला वाळलेलं कबूल केलं होतं तुझ्या बापानं. वाळलं की निरोप धाड. ज्या दिवशी वाळेल त्या दिवशी माझं. तोवर ठेव तुझ्याकडे."

कुनादीने विचारले, "आणि नाहीच वाळली तर, काका?"

"तर मग काय, माझं नशीब." तो गाडीवर चढायला लागला.

तेवढ्यात लासिने घराकडे वळला. त्याने आपल्या घराचे दार बिजागऱ्यांसकट उचकटून काढले, वाकलेल्या पाठीवर घेतले आणि आंबेरेच्या गाडीत ठेवले. "हे वाळलेलं आहे," तो म्हणाला.

आंबेरे दाराकडे बघत राहिला. "आणि तुझ्या घरात चोर शिरले तर?"

"शिरू देत. माशांच्या वासानंच पळतील."

मग ते दोघे म्हातारे इतके हसले, की गाढव बिचकले.

या गोष्टीला आता तीन पूर झाले. माझी शिवण कुनादीने नव्या दोराने घातली आहे. ती मला एक दिवस कोरडी पडू देत नाही. पूर असतो तेव्हा आम्ही भात वाहतो, गावच्या बायकांना दवाखान्यात नेतो, पोरांना पैलतीरावरच्या शाळेत सोडतो. पाणी आटते तेव्हा ती मला दगड भरून खोल डोहात बुडवून ठेवते. आंबेरे दरवर्षी येतो, कुऱ्हाड गाडीत असतेच. माझ्यावर टकटक करतो, कान लावतो आणि तोंड वाकडे करून म्हणतो, "अजून ओलीच."

पण मित्रांनो, एक गोष्ट कुनादीच्याही हातात नाही. मी ओली राहते ती नदी आहे म्हणून, आणि नदी येते ती दूरच्या डोंगरातून. तिथली राने तुटली, वरच्या अंगाला पाणी अडले, की आमच्याकडे पूर वीतभर कमी चढतो. मागच्या वर्षी चार बोटे कमी होता. यंदा मात्र लासिनेने पाण्यात हात घातला आणि म्हणाला, "चांगली जाड माती आलीय." मला फार बरे वाटले.

तुमच्याकडेही एखादी नदी असेल. ती कुठून येते ते बघून ठेवा आणि तिची वाट मोकळी ठेवा. तिच्या खालच्या अंगाला, तुम्ही कधी न पाहिलेल्या गावात, माझ्यासारखी कुणीतरी म्हातारी तिच्या भरवशावर ओली असते. तिच्या नावाची कुऱ्हाड गाडीत तयार असते. ती गाडीतच राहील असे करा.